रंग वाढला, उजेड घटला

टॉनिक वॉटर एका काचेच्या पेल्यात ओतावं, खोलीत अंधार करावा आणि नोटा तपासायची अतिनील टॉर्च पेल्याच्या बाजूला धरावी. पाण्यासारखं दिसणारं ते पेय निळंशार उजळतं. बारकाईने पाहिलं तर टॉर्चकडचा काठ झगझगत असतो आणि पलीकडची बाजू मात्र बरीच फिकी राहते. आता त्यात चमचाभर मीठ घालून ढवळा. आधी फेस येतो (पेल्याखाली ताटली ठेवलेली बरी), आणि फेस बसला की निळा उजेड मावळलेला दिसतो.

उजळतं ते त्यातलं क्विनाइन, म्हणजे हिवतापावरचं जुनं कडू औषध. १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी त्याच्या द्रावणात हा निळा थर पाहिला, तोही फक्त प्रकाश शिरतो त्या बाजूला. हा द्रवाच्या पृष्ठभागाचा गुण असावा असं त्यांना वाटलं. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: क्विनाइनमधून एकदा पार झालेला प्रकाश पुढच्या क्विनाइनला उजळवत नाही. केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये कोडं सोडवलं. लोलकाने सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडून त्यांनी क्विनाइनची नळी त्यातून सरकवत नेली. तांबड्यात काही नाही, हिरव्यातही काही नाही. जांभळा संपून डोळ्यांना दिसेनासा होतो तिथे मात्र नळी पेटली. क्विनाइन अदृश्य अतिनील किरण गिळतं आणि त्यातली थोडी ऊर्जा स्वतःजवळ ठेवून उरलेली निळ्या प्रकाशाच्या रूपात परत देतं. फ्लोरस्पार या खनिजावरून स्टोक्स यांनी त्याला ‘फ्लुओरेसन्स’ नाव दिलं. मराठीत प्रतिदीप्ती हा शब्द आहे, पण प्रयोगशाळेत सगळ्यांच्या तोंडी फ्लुओरेसन्सच.

हा उजेड मोजणारं यंत्र, फ्लुओरोमीटर, कल्पनेने अगदी साधं आहे. झेनॉनच्या दिव्यातून हव्या त्या एकाच रंगाचा प्रकाश निवडायचा आणि एक सेंटिमीटर रुंदीच्या चौकोनी पात्रातल्या, म्हणजे क्युव्हेटमधल्या, द्रावणावर सोडायचा. द्रावणातून निघणारा उजेड समोरून न पाहता काटकोनातून पाहायचा, म्हणजे दिव्याचा झोत शोधकाच्या (डिटेक्टरच्या) डोळ्यांत जात नाही. म्हणून या क्युव्हेटच्या चारही भिंती पारदर्शक असतात. नवशिक्या मुलांची बोटं नेमकी त्यांवरच उमटतात.

एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीचा स्टँडर्ड कर्व्ह मला आठवतो. फ्लुओरेसीन या रंगद्रव्याची चढत्या तीव्रतेची द्रावणं तिने केली होती. ०.१ मायक्रोमोलरवरून १ वर गेल्यावर आकडा जवळपास दहापट झाला. १ वरून १० वर गेल्यावर पाचपटही झाला नाही. आणि १०० मायक्रोमोलरचा आकडा १ मायक्रोमोलरच्याही खाली गेला! यंत्र बिघडलं असणार, असं तिचं ठाम मत होतं. झाकण उघडून पाहिलं तर दिव्याकडच्या भिंतीला लागून हिरवीगार रेघ आणि बाकी क्युव्हेट अंधारात. शोधक पाहतो क्युव्हेटच्या मध्यावर, आणि मध्यापर्यंत दिव्याचा निळा प्रकाश पोहोचतच नव्हता. पहिल्या मिलिमीटरभर थरानेच तो खाऊन टाकला होता.

हर्शेल यांनी पाहिलेला काठ तो हाच. आता त्याला ‘इनर फिल्टर इफेक्ट’ म्हणतात. उपाय सोपा असतो, पण कुणाला तो रुचत नाही: द्रावण पातळ करा. ज्या रंगाचा प्रकाश सोडायचा त्या रंगाला द्रावणाचं शोषण ०.१ च्या खाली हवं, असा दंडक आहे. त्या मर्यादेवरही मध्यावर पोहोचेपर्यंत सुमारे अकरा टक्के प्रकाश वाटेत गेलेला असतो. जास्त माल घातला की जास्त उजेड, ही आपली बाजारातली समजूत इथे चालत नाही.

बरं, पातळ करत गेलं की दुसराच पाहुणा हजर होतो. नुसतं शुद्ध पाणी क्युव्हेटमध्ये ठेवून ३५० नॅनोमीटरचा प्रकाश सोडला तरी आलेखात ३९७ च्या आसपास एक बुटका उंचवटा दिसतो. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये १९२३ साली के. आर. रामनाथन यांना शुद्ध केलेल्या द्रवांतही असाच मंद उजेड दिसला होता, आणि तेव्हा त्याला ‘क्षीण फ्लुओरेसन्स’ मानलं गेलं. तो फ्लुओरेसन्स नव्हताच. १९२८ मध्ये सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी त्याची खरी ओळख पटवली: तो द्रवाच्या रेणूंनी रंग बदलून विखुरलेला प्रकाश होता. आजही प्रथिनाच्या पातळ द्रावणात रामन प्रकाश फ्लुओरेसन्सचं सोंग घेऊन येतो. सोडलेल्या प्रकाशाचा रंग बदलला की उंचवटाही त्याच्यामागे सरकतो, तिथे त्याचं सोंग उघडं पडतं. खऱ्या फ्लुओरेसन्सचं शिखर बहुधा जागचं हलत नाही. गंमत अशी की यंत्राची संवेदनशीलता तपासायला आता पाण्याचा हाच रामन उंचवटा वापरतात.

प्रथिनांना बाहेरून रंग द्यायची नेहमीच गरज पडत नाही. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल स्वतःच उजळतं. आपल्या रक्तातल्या अल्ब्युमिनच्या ५८५ अमिनो आम्लांत ट्रिप्टोफॅन एकच, २१४ व्या जागेवर. एवढा एक दिवा आख्ख्या रेणूची खबर देतो. प्रथिनाच्या घडीत, पाण्यापासून दूर असलेला ट्रिप्टोफॅन साधारण ३३० ते ३४० नॅनोमीटरला उजळतो. युरिया घालून घडी उसवली आणि तो पाण्यात उघडा पडला की शिखर ३५० कडे सरकतं. त्यामुळे उजेड किती यापेक्षा उजेड कुठे हे पाहणं मला जास्त भरवशाचं वाटतं. ही मोजणी अतिनील प्रकाशात होत असल्याने क्युव्हेट क्वार्ट्‌झचं लागतं. साधी काच वापरली तर ती २८० नॅनोमीटरचा प्रकाश आधीच अडवते.

बाहेरून घालायच्या काही रंगांचा स्वभाव वेगळा असतो. एएनएस नावाचा रंग पाण्यात जवळजवळ विझलेला राहतो आणि प्रथिनाच्या तेलकट खाचेत शिरला की पेटतो. त्या विद्यार्थिनीच्या क्युव्हेटमधल्या फ्लुओरेसीनचा जन्म १८७१ मधला, अडोल्फ फॉन बायर यांच्या हातचा. डोळ्यांचे डॉक्टर केशरी पट्टी डोळ्याला लावून निळ्या प्रकाशात बुबुळावरचा ओरखडा हिरवा झालेला पाहतात, ती याच रंगाची. कोविडच्या दिवसांत घराघरांत चर्चा झालेली ‘सीटी व्हॅल्यू’ही याच कुळातली. अनेक आरटीपीसीआर किटांमध्ये फॅम नावाचा फ्लुओरेसीनचाच भाऊबंद असतो, आणि कितव्या फेरीला त्याचा उजेड ठरावीक रेषा ओलांडतो, तो आकडा म्हणजे सीटी. ती रेषा आणि किट बदललं की आकडाही बदलतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून भांडणाऱ्या नातेवाइकांना हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

फ्लुओरोमीटरच्या पडद्यावरच्या आकड्यालाही खरं एकक नसतं. प्रकाश आत सोडणाऱ्या झिरीची रुंदी वाढवली, दिवा जुना झाला, खोली तापली की तो बदलतो. म्हणून ओळखीच्या द्रावणाशी तुलना करावी लागते, आणि त्यासाठी आजही सर्रास वापरलं जातं ते हर्शेल यांचंच क्विनाइन. सल्फ्युरिक आम्लात विरघळवलेलं क्विनाइन गिळलेल्या दर शंभर फोटॉनांमागे सुमारे चोपन्न परत देतं. आम्ल मात्र सल्फ्युरिकच हवं. हायड्रोक्लोरिकमध्ये क्लोराइड असतं, आणि पेल्यातल्या मिठाने तो निळा उजेड मालवला तोही क्लोराइडच्याच जोरावर. आमच्या फ्रिजमधल्या क्विनाइनच्या बाटलीवर कुणीतरी लाल पेनने लिहून ठेवलंय: ‘एचसीएल घालू नये. मागच्या वेळी घातलं होतं.’