बंब पोचेपर्यंतचं पाणी

आराखड्यावर हायड्रंट काढणं सोपं असतं. लाल ठिपका टाकायचा, त्याभोवती तीस मीटर त्रिज्येचं वर्तुळ ओढायचं आणि इमारतीचा एकही कोपरा बाहेर राहिला नाही की कागदावरचं काम झालं. तीस मीटरचं कारणही साधं आहे. होजचं एक भेंडोळं पंधरा मीटरचं, आणि हायड्रंटशेजारच्या लाल पेटीत अशी दोन भेंडोळी.

तोच कागद घेऊन खालापूर तालुक्यातल्या एखाद्या नव्या वसाहतीत फिरणारा अग्निसुरक्षा सल्लागार मात्र वर्तुळाकडे फारसं बघत नाही. तो पावलं मोजतो. हायड्रंटपासून जिन्यापर्यंत सरळ रेषेत बावीस मीटर असतील, पण मध्ये पोहण्याचा तलाव, मेंदीचं कुंपण आणि गुडघाभर उंचीची शोभेची भिंत असते. होजला वळसा घ्यावा लागतो आणि बावीसचे बघता बघता अडतीस होतात. शिवाय भरलेली होज काटकोनात वळत नाही. ६३ मिलिमीटर व्यासाच्या पंधरा मीटर होजमध्ये जवळजवळ सत्तेचाळीस लिटर पाणी मावतं, म्हणजे ओढणाऱ्याच्या हातात सत्तेचाळीस किलोचा, दाबाने ताठ झालेला ऐवज असतो. त्यामुळे आधी पसरायचं, मग पाणी सोडायचं. घाईत हा क्रम उलटा झाला की होज पेटीतच फुगून अडकते.

कर्जत आणि खालापुरात ही पावलं मुंबईपेक्षा काटेकोर मोजावी लागतात, कारण इथे बंबाला अंतर कापायचं असतं. खोपोली आणि कर्जत नगरपरिषदांची अग्निशमन दलं आहेत, रसायनीला पाताळगंगा एमआयडीसीचं केंद्र आहे. बाकी दोन्ही तालुके म्हणजे डोंगर, नद्या, रेल्वेची फाटकं आणि शनिवारी-रविवारी गाड्यांनी तुंबलेला चौक-कर्जत रस्ता. याच रस्त्यावर हातनोलीजवळ एन. डी. स्टुडिओ आहे. २००५ मध्ये कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी तो उभा केला. ७ मे २०२१ रोजी तिथे आग लागली आणि ‘जोधा अकबर’चा सेट जळाला. आसपासच्या ठिकाणांहून बंब धावले. सेट म्हणजे प्लायवूड, कापड, फायबर, रंग. दगडी किल्ल्यासारखा दिसणारा, पण पेटायला गवतासारखा. असल्या जागेत पहिली दहा मिनिटं कोणाच्या हातात पाणी होतं, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

मग हायड्रंट नेमका कुठे? भिंतीपासून दोन मीटरच्या आत नको आणि पंधरा मीटरच्या पलीकडे नको. इतक्या जवळ उभ्या राहणाऱ्याच्या अंगावर काचा आणि आगीची झळ येते. फार दूर गेलं तर निम्मी होज नुसती मैदानात पसरण्यात संपते. दोन हायड्रंटमधलं अंतर धोक्यावर ठरतं. विमा क्षेत्राची जुनी नियमावली कमी धोक्याच्या जागी साठ, मध्यम धोक्याच्या जागी पंचेचाळीस आणि जास्त धोक्याच्या जागी तीस मीटर धरते. पाताळगंगेच्या रासायनिक कारखान्यात म्हणूनच दर थोड्या पावलांवर लाल खांब दिसतो, मधूनमधून तोफेसारखा मॉनिटर आणि फोमची सोय.

नियम इथपर्यंत सांगतो. पुढचं साइट सांगते. इमारतीचा कोपरा दोन बाजू राखतो, म्हणून तिथला हायड्रंट मधल्यापेक्षा उपयोगाचा. व्हॉल्व्हचं तोंड रस्त्याकडे हवं, झुडपाकडे नको. तोंड जमिनीपासून सुमारे मीटरभर उंच ठेवावं, म्हणजे वाकायला लागत नाही. पार्किंगच्या पट्ट्यात तर नकोच. तिथे गाडी लागणारच, वर सोसायटीतलं कोणीतरी हायड्रंटच्या खांबाला स्कूटरची साखळी बांधणारच. खांबाभोवती लोखंडी पाइपचे तीन खुंट रोवण्याचा खर्च बिल्डरला टोचतो, पण मालाची डिलिव्हरी देणारा टेम्पो एकदा रिव्हर्स आला की त्याचं मोल कळतं.

प्रकारांची निवड याहून अवघड. उभा खांब, एकतोंडी किंवा दुतोंडी. जमिनीखालच्या चेंबरमध्ये झाकणाखाली बसवलेला. प्रत्येक मजल्यावर रायझरला, म्हणजे उभ्या पाइपला, लावलेला लँडिंग व्हॉल्व्ह. आणि बाहेरून बंबाने पाणी आत ढकलावं म्हणून गेटजवळचा इनलेट. हॉलीवूडच्या सिनेमात दिसणारा बुटका अमेरिकी हायड्रंट बऱ्याच थंड शहरांत आतून कोरडा असतो. त्याचा मुख्य व्हॉल्व्ह जमिनीत खोल असतो, म्हणजे हिवाळ्यात पाणी गोठून खांब फुटत नाही. कर्जतला त्याची गरज नाही. इथला शत्रू चार महिन्यांचा पाऊस. जमिनीखालचा हायड्रंट दिसायला नीटस वाटतो, पण जुलैत त्याचं चेंबर चिखलाने भरतं आणि झाकण पेव्हर ब्लॉकच्या खाली गाडलं जातं. या भागात उभा खांबच बरा. निदान दिसतो तरी.

खरा प्रश्न मात्र व्हॉल्व्हचा नसून माणसांचा आहे. कर्जत-खालापुरातल्या कित्येक वसाहती सेकंड होमच्या. शुक्रवारी रात्री दिवे लागतात, सोमवारी सकाळी विझतात. मधल्या दिवसांत वॉचमन, माळी आणि एखादं वयस्कर जोडपं. ६३ मिलिमीटरच्या होजला साडेतीन किलोच्या दाबाने पाणी आलं की तिच्या टोकाचा ब्रँच पाइप मागे रेटतो. दोन धडधाकट माणसं लागतात, तिसरा व्हॉल्व्ह उघडायला. हे वॉचमनला एकट्याने जमणार नाही. त्याच्यासाठी होज रील आहे: भिंतीवरच्या ढोलावर गुंडाळलेला तीस मीटरचा रबरी पाइप, बोटभर जाड, एका माणसाला पेलणारा. तपासणीत सगळ्यांचं लक्ष मोठ्या लाल खांबांवर असतं. पण मंगळवारी दुपारी स्वयंपाकघरात सिलेंडरची नळी पेटली तर कामाला येईल ती जिन्यालगतची रील. ती तीन पायऱ्या वर की खाली, या प्रश्नाला आराखड्यात जास्त वेळ द्यायला हवा.

याच्या उलटं टोक माथेरानचं. माथेरान कर्जत तालुक्यातच मोडतं, २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि खासगी मोटारी दस्तुरीच्या पुढे जात नाहीत. लाकडी व्हरांड्यांचे, पत्र्याच्या छपरांचे जुने बंगले झाडीत विखुरलेले. अशा ठिकाणी बंब येईल हे गृहीत धरून पाण्याची मांडणी करता येत नाही. टाकी, छोटा पंप आणि हलकी होज आवारातच हवी.

पाइप जमिनीत घातला की लोक तो विसरतात. इथल्या बऱ्याच वसाहती भातशेतीवर मुरूम टाकून उभ्या राहिल्या. दोन-तीन पावसाळ्यांत भराव बसतो, वळणावरचा जोड ताणला जातो आणि कुठेतरी झिरपायला लागतं. ते पंपरूममध्ये आधी ओळखू येतं. लाइनमधला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप दिवसातून एखादवेळी सुरू झाला तर ठीक. दर दहा मिनिटांनी गुरगुरत असेल तर पाइप कुठेतरी गळतोय. अनुभवी फिटर गेज बघण्याआधी पंपाशेजारी उभा राहून नुसता ऐकतो. कारखान्यांत पाइप जमिनीवर, काँक्रीटच्या बैठकींवरून नेतात. दिसायला ओबडधोबड, पण गळती लपत नाही.

जॉकीने दाब राखला नाही की मोठा विजेचा पंप सुरू होतो, आणि वीज नसली की डिझेलचा. इथल्या पावसाळ्यात वीज नसणं ही बातमी नव्हे. त्यामुळे डिझेल पंपाची बॅटरी हा सगळ्या व्यवस्थेचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. मोठा पंप एकदा सुरू झाला की आपोआप बंद होत नाही, मुद्दाम हाताने थांबवावा लागतो. आग अर्धवट विझली असताना पंपाने स्वतःच विश्रांती घेऊ नये, एवढंच त्यामागचं शहाणपण.

आता पाणी. मिनिटाला २,२८० लिटर उपसणारा पंप पंचाहत्तर हजार लिटरची टाकी सुमारे तेहतीस मिनिटांत रिकामी करतो. दहा हजार लिटरचा टँकर त्याला साडेचार मिनिटंही पुरत नाही. म्हणून जाणकार प्लंबर आवक आधी आगीच्या टाकीत घेतो. ती भरून ओसंडली की पाणी वापराच्या टाकीत उतरतं. आगीचं पाणी ताजं राहतं आणि आंघोळीला काढता येत नाही. एप्रिल-मे आला की मात्र कोणीतरी मधल्या भिंतीला भोक पाडतं, किंवा आगीच्या टाकीत सबमर्सिबल सोडतं. त्यातली गंमत अशी की उन्हाळ्यातही इथल्या नद्या वाहतात. १९१५ पासून खोपोलीच्या टाटा वीजगृहातून सुटणारं पाणी पाताळगंगेला मिळतं, भिवपुरीचं पेज नदीला. बारमाही नदीच्या काठावरची सोसायटी टँकर मागवते आणि टँकर येईपर्यंत आगीची टाकी पिते.

दुसरी गळती भंगाराची. गनमेटलचा व्हॉल्व्ह आणि पितळी ब्रँच पाइप वजनावर विकले जातात. पेटीची काच शाबूत, आत होजही आहे, टोकाचं कपलिंग मात्र गायब, असं दृश्य रिकाम्या वसाहतीत नवं नाही. स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह आणि अॅल्युमिनियमचे ब्रँच पाइप आले त्याला हेही एक कारण आहे. पेटीला कुलूप लावणं हा उपाय मात्र रोगापेक्षा वाईट.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. त्यानुसार मालकाने दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन द्यायचं असतं. सुरुवातीला ही जबाबदारी बिल्डरची. नंतर सोसायटीची, आणि नेमक्या त्या हस्तांतरात पंपरूमची चावी कोणाकडे हे ठरत नाही. प्रमाणपत्रावर सही होते. सर्वांत लांबचा आणि सर्वांत उंचावरचा हायड्रंट उघडून, होज पसरून, दाब मोजून झालेली सही वेगळी आणि पंपरूमच्या दारातून झालेली वेगळी.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, ठिकठिकाणी कवायती होतात. तेव्हाच टाक्यांत पाणी कमी असतं, त्यामुळे सेक्रेटरी विनवतात, “पाणी सोडू नका, नुसतं दाखवा.” मग होज पसरली जाते, कपलिंगचा टक् आवाज येतो, फोटो निघतो आणि व्हॉल्व्ह बंदच राहतो. त्यापेक्षा कवायत ऑगस्टमध्ये घ्यावी. पाणी भरपूर असतं, वीज गेलेली असते, चेंबर तुंबलेली असतात आणि वॉचमनला रेनकोट घालून डिझेल पंप सुरू करावा लागतो.