पीळ जिथल्या तिथे

ड्रॅग रेसिंगच्या पट्टीवर सुटणाऱ्या जुन्या अमेरिकन गाडीकडे मागून पाहिलं, की तिची एक खोड लगेच नजरेत भरते. ॲक्सिलरेटर दाबताच नाक वर येतं, पण सरळ येत नाही. पुढचा डावा कोपरा जास्त उचलला जातो, मागचा उजवा कोपरा खाली बसतो आणि गाडी तिरकी होऊन सुटते. पाहणाऱ्याला वाटतं, सगळा भार मागच्या उजव्या चाकावर आला, म्हणजे पकडही त्यालाच जास्त असणार. प्रत्यक्षात आधी घसरतं ते तेच चाक. हे कोडं सोडवण्याचं काम गाडीखाली आडवा बसवलेला एक पोलादी दांडा करतो. त्याला अमेरिकेत स्वे बार म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजात तो अँटी-रोल बार किंवा स्टॅबिलायझर म्हणून ओळखला जातो.

कल्पना जुनी आहे. कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना 1919 साली अशा दांड्याचं पेटंट मिळालं होतं. दांड्याचा मधला भाग गाडीच्या अंगाला धरलेला असतो आणि दोन्ही टोकांचे हात दोन बाजूंच्या चाकांशी जोडलेले असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दांडा नुसता फिरतो, विरोध करत नाही. एक वर आणि एक खाली गेलं, की धुणं पिळावं तसा त्याला पीळ बसतो. तो पीळ उलगडू पाहतो आणि गाडीला कलू देत नाही. म्हणजे हीसुद्धा स्प्रिंगच, फक्त कलण्यापुरती काम करणारी.

हा दांडा समजून घ्यायला ब्युइक रीगल ग्रँड नॅशनलसारखी दुसरी गाडी नाही. जनरल मोटर्सच्या ‘जी-बॉडी’ घराण्यातली ही काळी दोन दारी गाडी 1987 पर्यंत निघाली. व्ही-8 इंजिनांच्या देशात तिने 3.8 लिटरच्या टर्बो व्ही-6 वर नाव कमावलं. 1987 च्या गाडीची अधिकृत शक्ती 245 अश्वशक्ती आणि टॉर्क 355 पौंड-फूट होता. त्याच वर्षी निघालेल्या जीएनएक्स या खास आवृत्तीच्या फक्त 547 गाड्या बनल्या, आणि त्यांचं मागचं सस्पेन्शन कंपनीने मुद्दाम वेगळं केलं. बाकीच्या गाड्यांत मात्र चार दुव्यांवर लटकणारा एकसंध मागचा ॲक्सल होता. आठवडाभर कामावर जाणारी आणि शनिवारी रात्री पट्टीवर उतरणारी गाडी म्हणून आजही अनेकजण ती जपतात.

आता ते कोडं. मागून पाहिलं तर या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. ॲक्सलवर जोर देताना तो संपूर्ण ॲक्सलला त्याच दिशेने पिळतो. त्यामुळे डावं चाक रस्त्यात दाबलं जातं आणि उजवं उचललं जातं. आकडे मांडून पाहू. 355 पौंड-फूट टॉर्क पहिल्या गिअरच्या 2.74 पटीने वाढला, की शाफ्टवर सुमारे 970 पौंड-फूट येतात. मागच्या दोन चाकांत अंतर पावणेपाच फुटांच्या आसपास. म्हणजे डाव्या चाकावर साधारण 90 किलो भार वाढतो आणि उजव्यावरचा तेवढाच कमी होतो. टॉर्क कन्व्हर्टर सुटताना जी भर घालतो ती यात धरलेलीच नाही. शिवाय अमेरिकेत चालकही डावीकडे बसतो. त्याचं वजन याच असमतोलात मिळतं.

निसर्गाचा हिशेब मात्र चोख असतो. ॲक्सलला एका दिशेने पीळ बसला, की इंजिन आणि त्याला धरणारी चेसिस उलट दिशेने तेवढ्याच जोराने पिळली जाते. गाडी उजवीकडे कलते ती त्यामुळे. हा उलटा पीळ पूर्णपणे मागच्या सस्पेन्शनमधून ॲक्सलवर परतला, तर उजव्या चाकाचा गेलेला भार त्याला परत मिळतो आणि दोन्ही बाजू बरोबरीत येतात. पण गाडीचं कलणं पुढच्या स्प्रिंगाही अडवतात, आणि पुढचा स्वे बार तर कारखान्यातून जाडजूडच आलेला असतो. जेवढा पीळ पुढे अडवला जातो, तेवढा पुढच्या चाकांवर जातो आणि मागच्या उजव्या चाकाच्या हातून कायमचा सुटतो.

मागचा स्वे बार सक्षम करण्यामागचं सगळं शास्त्र एवढंच आहे. हा दांडा शक्ती वाढवत नाही, टायरचं रबर बदलत नाही. पीळ जिथे जन्मला तिथेच तो फेडला जावा, एवढी व्यवस्था तो करतो. गाडी उजवीकडे कलू लागताच तो ॲक्सलचं उजवं टोक खाली दाबतो, डावं वर ओढतो. पुढची दोन्ही चाकं हवेत उचलणाऱ्या रेसगाडीत हे आपोआप घडतं, कारण पीळ झेलायला पुढे काही उरतच नाही. रस्त्यावरच्या गाडीची पुढची चाकं जमिनीवरच राहतात, म्हणून तिला दांड्याची गरज अधिक.

इथे बहुतेकांचं लक्ष जाडीकडे जातं, आणि जाडीचं गणित खरोखर चकित करणारं आहे. भरीव दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. पाऊण इंचाच्या वर एक सूत, म्हणजे 7/8 इंचाचा दांडा काढून एक इंचाचा बसवला तर व्यास वाढतो 14 टक्के आणि ताठपणा सुमारे 70 टक्के. मधलं पोलाद पिळाला फारसा विरोध करत नाही, म्हणून पोकळ नळीही चालते. बाहेरून सव्वा इंच आणि आतून एक इंच व्यासाची नळी एक इंची भरीव दांड्यापेक्षा 44 टक्के ताठ असते आणि वजनाला त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते. हाताची लांबीही महत्त्वाची: हात आखूड केला की ताठपणा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. म्हणूनच चांगल्या बारच्या हातांना दोन-तीन भोकं असतात.

पण जाडीइतकंच महत्त्व धरण्याच्या जागेला आहे. या गाड्यांचा मूळचा मागचा दांडा चेसिसला धरलेलाच नाही. तो ॲक्सलच्या चार दुव्यांपैकी खालच्या दोघांना, म्हणजे खालच्या कंट्रोल आर्मना, बोल्टने आवळलेला असतो. हे आर्म पत्रा दाबून केलेले, एका बाजूने उघडे. त्यांच्या टोकांना मऊ रबरी बुश. दांडा कितीही जाड केला तरी त्याचा जोर आधी त्या पत्र्यातून आणि रबरातून जातो, आणि साखळीचा ताठपणा तिच्या सर्वांत मऊ कडीपेक्षा जास्त होत नाही. म्हणून जाड दांडा घेण्याआधी आर्म पेटीसारखे बंद केलेले हवेत, बुश घट्ट हवेत आणि बोल्ट आवळताना आर्म चेपू नये म्हणून आत नळीचे तुकडे हवेत.

पट्टीवर नेमाने उतरणारे पुढची पायरी गाठतात. त्यांचा बार चेसिसला बेअरिंगमध्ये धरलेला असतो आणि दोन्ही टोकांच्या उभ्या दुव्यांनी थेट ॲक्सलच्या नळीला जोडलेला असतो. ॲक्सलवर त्यासाठी कान वेल्ड करावे लागतात. एका दमात वेल्डिंग केलं तर उष्णतेने नळी वाकते; थोडं इकडे, थोडं तिकडे असं थंड होऊ देत केलं तरच ॲक्सल सरळ राहतो. जोडणी करताना गाडी सपाट जागी आपल्या चाकांवर उभी हवी, टाकीत नेहमीएवढं पेट्रोल आणि चालकाच्या जागी त्याच्या वजनाचा माणूस हवा. मग दुवे असे लावायचे, की उभ्या गाडीत दांड्यावर अजिबात ताण नसेल.

यानंतर पट्टीवरची पारख. पहिल्या 60 फुटांची वेळ स्वतंत्र मोजली जाते, आणि तिथे वाचलेला वेळ शेवटच्या रेषेवर वाढून मिळतो. मागून काढलेला व्हिडिओ आणि डांबरावर उमटलेल्या दोन काळ्या रेघा यांवरून सगळं कळतं. उजवी रेघ जास्त काळी असेल तर ते चाक अजून घसरतंय. मग उजवा दुवा अर्धा-अर्धा आटा लांबवून त्या चाकावर थोडा ताण आधीच द्यायचा. बार नव्हते तेव्हा हेच काम उजव्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी भरून केलं जाई. अजूनही केलं जातं, पण पिशवीचा तो भार सरळ चालतानाही कायम राहतो. आधी ताण न दिलेला बार गरजेपुरताच पुढे येतो.

आणि आता रस्ता. जो दांडा सुटताना उजव्या चाकाला भार मिळवून देतो, तोच वळणावर आतल्या चाकाचा भार काढून बाहेरच्यावर टाकतो. मागचा बार फार ताठ झाला, की मागची चाकं आधी घसरतात आणि शेपूट बाहेर जाते. कारखान्याने पुढचा बार जाड ठेवला तो याच भीतीने: घसरायचंच तर पुढची चाकं आधी घसरावीत, कारण तशी गाडी सामान्य चालकाला सावरता येते. पट्टीवर पुढचा बार सोडून ठेवण्याची पद्धत रास्त आहे; पण तो न जोडता ओल्या हमरस्त्यावरून घरी निघणं हा जिवाशी खेळ आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर ताठ बारमुळे एका चाकाचा धक्का दुसऱ्याला बसतो आणि गाडी डावी-उजवी हेलकावते, हेही मालकाने आधीच पत्करायला हवं.

म्हणून दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीला माझ्या मते क्रम असा हवा: आधी चांगले टायर, मग आर्म आणि बुश, मग चेसिसला धरलेला आणि भोकं बदलता येणारा मध्यम ताठ मागचा बार, पुढचा बार मात्र रस्त्यासाठी जागेवर. यात कुठेही सर्वांत जाड दांड्याला मान नाही. जोर कुठून निघतो, कुठून परततो आणि वाटेत कुठे हरवतो, हे ज्याने पायरीपायरीने पाहिलं, त्याची 245 अश्वशक्तीची गाडी दुप्पट शक्तीच्या पण तिरक्या सुटणाऱ्या गाडीपेक्षा पहिले 60 फूट नेटकेपणाने कापते. इंजिनाची शक्ती पैशाने वाढवता येते. ती दोन्ही चाकांना सारखी वाटून देण्यासाठी गाडी समजावी लागते.