आक्रमण व बचाव, फुटबॉलमधील

फुटबॉलच्या खेळात चेंडू प्रतिस्पर्धी संघाच्या गोलपर्यंत नेऊन गोल करण्याच्या सामुदायिक प्रयत्नास आक्रमण, तर आपल्यावर गोल होऊ न देण्याच्या प्रयत्नास बचाव असे म्हणतात. आघाडीचे खेळाडू आक्रमणाची, तर बचावपटू व गोलरक्षक बचावाची प्रमुख जबाबदारी पार पाडतात. मध्यरक्षकांवर दोन्ही कामांचा भार असतो. पराभवांच्या मालिकेत सापडलेल्या दुर्बळ संघाने प्रथम आक्रमण सुधारावे की बचाव, हा प्रशिक्षकांपुढील जुना प्रश्न आहे. पुण्यातील फुटबॉलच्या अलीकडील इतिहासात या प्रश्नाची दोन्ही अंगे स्पष्टपणे दिसून येतात.

स्वरूप : महाराष्ट्रातील देशी खेळांशी तुलना केल्यास या प्रश्नाचे वेगळेपण ध्यानात येते. खोखोत पाठलाग व बचाव यांच्या पाळ्या आळीपाळीने येतात. त्यामुळे प्रत्येक अंगाचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करता येते. कबड्डीत चढाई व पकड या दोहोंनाही गुण मिळतात. म्हणजे उत्तम पकड करणारा संघ केवळ बचावाच्या बळावरही गुणसंख्या वाढवू शकतो. फुटबॉलमध्ये मात्र दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू असतात आणि बचावाला स्वतंत्र गुण नसतो. चेंडू हातचा जाताच आक्रमक संघ बचाव करणारा ठरतो. यामुळे बचावाचे मोल सामन्याच्या निकालातून अप्रत्यक्षपणेच जाणवते आणि सामान्य प्रेक्षकाचे लक्ष गोल करणाऱ्या खेळाडूकडे अधिक वेधले जाते.

गुणपद्धती व तिचा परिणाम : साखळी सामन्यांत पूर्वी विजयास दोन व बरोबरीस एक गुण देत असत. इंग्लंडमधील लीगने १९८१ मध्ये विजयास तीन गुण देण्यास प्रारंभ केला आणि १९९४ च्या विश्वचषक स्पर्धेपासून ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. ज्या संघावर गोल होत नाही तो हरत नाही. परंतु जो संघ गोल करीत नाही तो जिंकतही नाही. अठरा सामन्यांच्या साखळीत सर्व सामने बरोबरीत सोडविणाऱ्या संघास १८ गुण मिळतात. सहा सामने जिंकून बारा हरणाऱ्या संघासही तितकेच गुण मिळतात. यावरून असे दिसते, की केवळ बचावाच्या आधारे संघ तळाशी जाण्याचे टाळू शकेल. वर चढण्यास मात्र विजय, म्हणजे गोल, आवश्यक असतात. याउलट, या खेळात एका सामन्यात सरासरी अडीच-तीनच गोल होत असल्याने एक गोल वाचविण्याचे मोल एक गोल करण्याइतकेच, आणि संघ एका गोलने आघाडीवर असता काही वेळा त्याहून अधिकही, असते.

ऐतिहासिक आढावा : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेल्या व्यूहात दोन बचावपटू, तीन मध्यरक्षक व पाच आघाडीचे खेळाडू असत. त्या काळी आक्रमण हेच खेळाचे सर्वस्व मानले जाई. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वी चेंडू पुढे दिला जाण्याच्या क्षणी आघाडीच्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असणे आवश्यक होते. ती संख्या दोनवर आणण्यात आली. परिणामी गोलांचे प्रमाण एकदम वाढले. त्यावर उपाय म्हणून आर्सेनलचे प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या मध्यरक्षकास मागे घेऊन तिसरा बचावपटू बनविले. १९६० नंतरच्या दशकात इटलीतील इंटर मिलान संघाने एलेनिओ एरेरा यांच्या मार्गदर्शनाखाली ‘कातेनाच्चो’ (शब्दशः अडसर) हे बचावप्रधान तंत्र पूर्णत्वास नेले आणि १९६४ व १९६५ मध्ये युरोपीय चषक जिंकला. तथापि १९६७ च्या अंतिम सामन्यात सतत आक्रमण करणाऱ्या सेल्टिक संघाने याच संघाचा २–१ असा पराभव केला. पुढे नेदर्लंड्‌सच्या संघाने, १९७४ च्या विश्वचषक स्पर्धेत विशेषत्वाने, प्रत्येक खेळाडूने दोन्ही कामे करावीत हे तत्त्व प्रभावीपणे मांडले. त्यामुळे आक्रमण व बचाव यांमधील जुनी सीमारेषा पुसट झाली.

पुण्यातील उदाहरण : पुणे शहरास व्यावसायिक फुटबॉलची ओळख प्रथम पुणे एफसी या संघाने करून दिली. आय-लीगच्या २०१२–१३ च्या हंगामात तो चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा आला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा एफसी पुणे सिटी हा संघ स्थापन झाला. बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल हे त्याचे मैदान होते. पहिल्या तीन हंगामांत त्यास बाद फेरी गाठता आली नाही.

२०१७–१८ च्या हंगामात हा संघ चौथा येऊन प्रथमच बाद फेरीत गेला. अठरा सामन्यांत त्याने ३० गोल केले व त्याच्यावर २१ झाले; गुण ३० झाले. उरुग्वेचा एमिलिआनो अल्फारो व ब्राझीलचा मार्सेलिन्यो यांच्या आक्रमक जोडीचा तेव्हा मोठा बोलबाला झाला. परंतु गुणतक्ता बारकाईने पाहता यशाचे कारण केवळ त्यांच्यात नव्हते, असे दिसते. दहा संघांत गोल करण्यात पुण्याचा क्रमांक तिसरा व गोल रोखण्यात चौथा होता. दोन्ही बाबतींत पहिल्या चारांत असणारे संघ दोनच होते : बंगळूरू व पुणे. पुण्याइतकेच ३० गुण मिळविणाऱ्या गोव्याच्या संघाने ४२ गोल केले, पण त्याच्यावर २८ झाले. म्हणजे तेवढेच गुण मिळविण्यास त्यास बारा गोल अधिक करावे लागले.

याच तक्त्यात आणखी दोन उद्‌बोधक तुलना आढळतात. जमशेदपूर व कोलकात्याचा एटीके या दोन्ही संघांनी प्रत्येकी १६ च गोल केले. जमशेदपूरवर १८ गोल झाले व त्यास २६ गुणांसह पाचवे स्थान मिळाले. एटीकेवर ३० गोल झाले व तो १६ गुणांसह नववा राहिला. आक्रमण सारखेच दुबळे असता बचावामुळे दहा गुणांचे अंतर पडले. दुसरीकडे दिल्लीच्या संघाने २७ गोल केले. हा आकडा उपविजेतेपदाऐवजी विजेतेपद पटकावणाऱ्या चेन्नईच्या २४ गोलांहूनही मोठा होता. परंतु दिल्लीवर ३७ गोल झाल्याने तो संघ आठवा आला. चेन्नईवर १९ च गोल झाले होते. मात्र जमशेदपूरही गोल रोखण्यात दुसरा असूनही बाद फेरी गाठू शकला नाही. बचावाने तो तळापासून वाचला. आक्रमणाअभावी वर गेला नाही.

बाद फेरीत पुण्याने स्वतःच्या मैदानावर बंगळूरूस ०–० असे रोखले. परंतु बंगळूरू येथील दुसऱ्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले व पुणे १–३ असे पराभूत झाले.

पुढच्या, २०१८–१९ च्या हंगामात संघाची घसरण झाली. एका हंगामात प्रशिक्षकपदाची सूत्रे तिघांकडे गेली. पुण्याने २४ गोल केले, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा सहा कमी. त्याच्यावर ३० झाले, म्हणजे नऊ अधिक. गुण २२ वर व क्रमांक सातव्या स्थानावर आला. याच हंगामात ईशान्य भारतातील नॉर्थईस्ट युनायटेड संघाने पुण्यापेक्षा दोन गोल कमी केले (२२), पण त्याच्यावर १८ च झाल्याने त्यास २९ गुण मिळाले व तो बाद फेरीत गेला. पुण्याच्या घसरणीत आक्रमणापेक्षा बचावाचा वाटा अधिक होता, असे हे आकडे सुचवितात.

सुधारणेची दिशा : बचाव प्रथम सुधारण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो, त्याची कारणे व्यावहारिक आहेत. गोल करण्यास नैसर्गिक कौशल्य व कल्पकता लागते आणि असे खेळाडू दुर्मीळ व महाग असतात. बचाव हा मुख्यतः शिस्तीचा व परस्परसहकार्याचा भाग असल्याने तो सरावाने तुलनेने लवकर सुधारतो. खेळाडूंमधील अंतर राखणे, रांग एकदम पुढे-मागे सरकविणे, चेंडू गमावताच जागेवर परतणे व कॉर्नर किकच्या वेळी प्रत्येकाने नेमून दिलेला प्रतिस्पर्धी सांभाळणे, या बाबी सामान्य गुणवत्तेच्या संघालाही शिकता येतात. मात्र त्यासाठी तेच खेळाडू व तोच प्रशिक्षक काही काळ एकत्र असावे लागतात. वारंवार बदल करणाऱ्या संघात प्रथम बचाव ढासळतो, तो यामुळेच.

तथापि झालेल्या प्रत्येक गोलाचा दोष बचावपटूंवर ठेवणे योग्य नव्हे. पुष्कळदा मधल्या फळीत चेंडू गमावल्यामुळे किंवा आघाडीचे खेळाडू परत न आल्यामुळे बचावपटू एकाकी पडतात. तसेच चेंडू आपल्याकडे राखणे हाही बचावाचाच एक प्रकार होय.

एफसी पुणे सिटी हा क्लब मालकांच्या आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये बंद पडला व लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या संघास मिळाली. या संघाचा पुढील प्रवास प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. २०१९–२० मध्ये तो शेवटचा आला. अठरा सामन्यांत त्याने २१ गोल केले व त्याच्यावर ३९ झाले. २०२०–२१ मध्ये वीस सामन्यांत त्याच्यावर १९ च गोल झाले. अकरा सामने बरोबरीत सुटले व संघ पाचवा आला. गोलांची संख्या मात्र २७ पर्यंतच वाढली. २०२१–२२ मध्ये तिने ४३ चा, म्हणजे लीगमधील सर्वाधिक, आकडा गाठला. नायजेरियाच्या बार्थोलोम्यू ओगबेचेने बाद फेरीसह त्या हंगामात १८ गोल केले. बचाव फारसा न ढळल्यामुळे (२३ गोल) संघ साखळीत दुसरा आला व मार्च २०२२ मध्ये केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी किकवर हरवून विजेता ठरला. पहिल्या वर्षी बचाव सावरला, दुसऱ्या वर्षी आक्रमणास धार आली, असा हा क्रम होता. दरम्यान प्रशिक्षक व बरेचसे खेळाडू बदलले होते, हे खरे. त्यामुळे याकडे निर्णायक पुरावा म्हणून नव्हे, तर एक बोलके उदाहरण म्हणून पाहणे इष्ट ठरेल.

मूल्यमापन : आक्रमण श्रेष्ठ की बचाव, या प्रश्नाचे सर्वकाळ लागू पडणारे उत्तर नाही. दोहोंचे महत्त्व संघ कोणत्या स्थितीत आहे त्यावर अवलंबून असते. तळाच्या संघास बचाव प्रथम आवश्यक असतो. कारण त्यामुळे पराभव थांबतात, सामने अखेरपर्यंत चुरशीचे राहतात व खेळाडूंचा आत्मविश्वास परततो. मधल्या स्थानावरील संघास मात्र तेवढ्याने पुढे जाता येत नाही; त्यास गोल करणारे खेळाडू लागतात. पुण्याच्या संघाचा उत्कर्ष दोन्ही अंगे समतोल असताना झाला आणि तो समतोल ढळताच, आघाडीच्या खेळाडूंची कीर्ती कायम असूनही, त्याची घसरण झाली.