खटका पडतोय? मोठा बसवू नका!

शुक्रवारची रात्र, साडेआठ. बाहेर पुण्याचा टिपिकल जुलैचा पाऊस, लॅपटॉपवर डेडलाइनवाला लेख, शेवटचे दोनशे शब्द बाकी. आणि खट्! हॉल काळाकुट्ट. किचनमधला फ्रिज मात्र मजेत गुरगुरतोय. म्हणजे लाइट गेलेली नाही, फक्त आमचीच गेलीय. त्या आठवड्यातली ही चौथी वेळ. मोबाइलच्या टॉर्चमध्ये स्टुलावर चढायचं, दाराच्या वरच्या डब्यातला पडलेला खटका वर करायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, यात आम्ही दोघी एव्हाना एक्स्पर्ट झालो होतो.

कोथरूडमधली तीसेक वर्षं जुनी बिल्डिंग, भाड्याचा वन बीएचके, मी आणि माझी रूममेट. घरमालकांना फोन केला, त्यांनी ‘आपला माणूस’ पाठवला. त्याने डबा उघडला, आत एक नजर टाकली आणि निकाल दिला, ‘मॅडम, खटका बारीक आहे. मोठा टाकला की विषय संपला.’ दहा मिनिटांत 6 अँपिअरच्या एमसीबीच्या जागी 20 चा आला. आम्ही त्याला कौतुकाने चहासुद्धा पाजला!

आणि खरंच, खटका पडायचा थांबला. पुढच्या बारा दिवसांत एकदाच पडला, बाल्कनीतला दिवा लावताना. मग आम्ही तो दिवा लावणंच बंद केलं. (भाडेकरूंचा हुकमी उपाय.)

तेराव्या दिवशी, रविवारी सकाळी, रूममेट दमट कुर्ता इस्त्री करत होती आणि त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर चहासाठी किटली लावलेली. मला आधी वाटलं, खालच्या मजल्यावर कुणीतरी मासे तळतंय. मग जळक्या प्लास्टिकचा उग्र भपकारा आला. एक्स्टेन्शनची पिन ज्या सॉकेटमध्ये होती, तो तपकिरी पडून फुगलेला, आणि बोर्डाला हात लावला तर चटका. पळत जाऊन मेन स्विच बंद केला. पिन निघेचना, सॉकेटला वितळून चिकटली होती. आणि तो नवाकोरा 20 चा खटका? शहाण्यासारखा वरच होता.

यावेळी घरमालकांना न विचारता कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून एका वायरमन काकांना आणलं. साठीच्या आसपासचे, खिशात टेस्टर. पिशवी उघडायच्या आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘ताई, पहिला खटका होता तेव्हा तो लगेच पडायचा की वेळ घेऊन?’

मी आठवून म्हटलं, ‘दोन्ही. बाल्कनीचा दिवा लावला की लगेच. एरवी दहा-पंधरा मिनिटांनी.’

‘मग घरात दोन रोग आहेत,’ काका म्हणाले.

त्यांचा फंडा ऐकला आणि वाटलं, हे आपल्याला शाळेत कुणी का नाही सांगितलं? एमसीबीच्या पोटात दोन वेगळे पहारेकरी असतात. एक म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. करंट प्रमाणाबाहेर गेला की ती तापते, हळूहळू वाकते आणि खटका पाडते. जादा थोडा असेल तर तिला बराच वेळ लागतो, जादा खूप असेल तर काही सेकंद. दुसरी तारेची गुंडाळी. शॉर्टसर्किट झालं की करंट एकदम कित्येक पटींनी उसळतो, गुंडाळीचं चुंबक होतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खटका खाली. म्हणून ‘लगेच की वेळाने?’ या एका उत्तरावर अर्धं निदान होतं. हा प्रकार 1924 मध्ये जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने आणला. आपल्याकडे मात्र जुन्या घरांत चिनीमातीचे ‘किटकॅट’ फ्यूज बरीच वर्षं टिकले. माझे बाबा त्यात तार घालायचे आणि तार वारंवार जळायला लागली की जाड तार घालायचे. थोडक्यात, आमच्या पहिल्या वायरमनचंच लॉजिक!

काकांनी कागदावर हिशेब मांडला. 230 व्होल्ट गुणिले 6 अँपिअर, म्हणजे 1380 वॉट. दोन पंखे, चार एलईडी, दोन लॅपटॉप धरले तरी तीन-साडेतीनशेच्या वर जात नाही. पण आपल्याकडे ‘लाइट’च्या सर्किटवर फक्त दिवे नसतात, भिंतीवरचे छोट्या पिनचे पॉइंटही बहुधा त्यावरच असतात. आमची इस्त्री 1000 वॉटची, किटली 1500 ची. दोन्ही मिळून जवळपास 11 अँपिअर, आणि तेही 6 अँपिअरच्या एका सॉकेटमधून, ज्याचा स्क्रू आतून ढिला होता. ढिल्या जोडापाशी उष्णता तयार होते. जुना खटका ते दहा-पंधरा मिनिटांत थांबवायचा. नव्याच्या दृष्टीने 11 अँपिअर म्हणजे निम्मा लोड, तो कशाला पडेल?

‘खटका तुमच्या किटलीसाठी नसतो ताई, भिंतीतल्या वायरसाठी असतो,’ काका म्हणाले. आमच्या लाइटची वायर जुनी, एक स्क्वेअर एमएमची. तिच्यावर 20 चा पहारेकरी म्हणजे आधी वायर जळणार, मग तो जागा होणार. त्या भिंतीला टेकून रूममेटचा बेड आहे. आम्ही दोघी काही क्षण गप्पच.

मग दुसरा रोग. आधी त्यांनी तो जळका पॉइंट सर्किटमधून सोडवला आणि 6 चा खटका परत बसवला. सगळे स्विच बंद, सगळ्या पिना बाहेर. खटका वर केला, राहिला. म्हणजे बोर्डापर्यंतची फेजची लाइन ठीक. मग एकेक स्विच चालू करत गेले. हॉल ठीक, बेडरूम ठीक, बाथरूम ठीक. बाल्कनी... खट्! मेन बंद करून त्यांनी तिथला काचेचा दिवा उतरवला, तर आतून चमचाभर पाणी सांडलं. होल्डरचं पितळ हिरवं पडलेलं, वायरवरचं आवरण बोटाने चुरा होईल इतकं कडक. दोन्ही वायरी उघड्या पडून ओल्यात चिकटल्या होत्या. शॉर्ट आणखी कसा असतो?

यातलं स्विच बंद, पिना बाहेर, मग एकेक चालू हे आपणही करू शकतो, फक्त हात आणि फरशी कोरडी हवी. सगळं बंद असूनही खटका राहत नसेल, तर प्रॉब्लेम भिंतीत किंवा बोर्डात. तिथे आपण थांबायचं. लगेच पडणारा खटका पुन्हापुन्हा वर करणं, जे आम्ही आठवडाभर केलं, ते तर अजिबात नाही. आणि डब्याचं झाकण उघडणं हे वायरमनचं काम.

जाता जाता काकांनी डब्यातला एक रुंद खटका दाखवला, ज्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण होतं. ही आरसीसीबी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला नाही, म्हणजे कुठेतरी गळतोय, कदाचित कुणाच्या अंगातून, तर ही पडते. घरातली साधारण 30 मिलिअँपिअरला. 6 अँपिअरच्या मानाने ते काहीच नाही, म्हणूनच शॉक लागला तर एमसीबीच्या भरवशावर राहता येत नाही. पावसाळ्यात काहीही चालू नसताना हीच पडत असेल, तर कुठेतरी ओल शिरलीय असं समजायचं. काकांनी बटण दाबलं, ती पडली. ‘चालू आहे. महिन्यातून एकदा दाबत जा.’ दोन वर्षांत आम्ही त्याला हात लावला नव्हता.

जळका सॉकेट बदलला. इस्त्री-किटलीसाठी किचनमध्ये पॉवरच्या सर्किटवरून 16 चा पॉइंट निघाला. घरमालक फोनवर म्हणाले, ‘अहो, पण आपल्या माणसाने तर रिपेअर केलं होतं ना?’ मी त्यांना वितळलेल्या पिनेचा फोटो पाठवला. पाच मिनिटं शांतता, मग मेसेज आला, ‘पुढच्या भाड्यातून वजा करा.’ बाल्कनीचा नवा, पाणी न शिरणारा दिवा अजून आणायचाय. तोवर तिथे अंधार, आणि रूममेटची कटकट, की चहासाठी आता उठून किचनपर्यंत जावं लागतं.