जुन्या डिझेलची निगा (भाग 7) : चढलेली रेस

मागच्या आठवड्यात ग्लो प्लग झाले. आता प्रश्न गरम इंजिनाचा. अर्धा तास चालवून सिग्नलला थांबलात, पाय पेडलवर नाही, तरी इंजिन 1200 आरपीएमवर धरून बसलंय. जुन्या डिझेल गाड्यांचं गरम आयडलिंग साधारण 750 ते 900 असतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा.

गॅरेजात पहिला पाना जातो आयडलिंगच्या स्क्रूकडे. माझा आग्रह आहे की त्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा. स्क्रू आपणहून फिरत नाही, त्याला लॉकनट असतो. रेस चढली म्हणजे दुसरं काहीतरी बदललंय.

पेट्रोल गाडीच्या सवयीने कुणी इनटेकची गळती शोधत बसतं. बहुतेक जुन्या डिझेलमध्ये हवा अडवणारा थ्रॉटलच नसतो. हवा मोकळी येते. वेग ठरतो पंप किती डिझेल सोडतो त्यावर, आणि ते माप राखतो गव्हर्नर. अपवाद न्यूमॅटिक गव्हर्नरचा, उदाहरणार्थ 1970च्या दशकातल्या डब्ल्यू115 मर्सिडीज डिझेलचा. तिथे व्हॅक्यूमची नळी चिरली किंवा डायफ्रॅम फाटला की रेस चढतेच.

बॉश व्हीई जातीचा रोटरी पंप असेल तर इंजिन चांगलं तापवा, बंद करा, बॉनेट उघडा. अॅक्सिलेटरची केबल पंपावरच्या ज्या लिव्हरला जोडलेली आहे, तो आयडल स्क्रूच्या टोकाला टेकलाय का ते टॉर्च धरून बघा. मधून कागदाची पट्टी सरकली तर टेकलेला नाही. एवढ्या एका तपासणीने निम्मं काम होतं.

टेकलेला नसेल तर पंप निर्दोष असण्याची शक्यता मोठी. केबल पंपाकडून सोडवा. लिव्हर लगेच मागे आला तर दोष केबलचा: आतून गंजलेली, ताणून बसवलेली, किंवा पेडलखाली जाड मॅट घुसलेली. तरीही येत नसेल तर थंड इंजिनासाठी रेस वाढवणारी यंत्रणा बघा. काही गाड्यांत ती मेणाच्या कुपीवर चालते. कूलंट तापलं की मेण फुगतं, पिन पुढे सरकते आणि लिव्हर मोकळा होतो. आपल्याकडे ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची वाईट खोड आहे. मग इंजिन पुरेसं तापत नाही, कुपी कोमटच राहते आणि पंपाला थंडी वाजतेय असंच वाटत राहतं. थर्मोस्टॅट परत बसवा.

लिव्हर टेकलेला असूनही रेस चढलेली असेल तर विचारा, पंपावर अलीकडे कुणी काम केलंय का? पिकअप वाढवायला फुल-लोडचा स्क्रू आत घेतला की आयडलिंगही चढतं. शाफ्टचा सील बदलताना लिव्हर एक दात सरकून बसला तरी तेच. अशा वेळी आयडल स्क्रू मागे घेणं म्हणजे दोष झाकणं आहे; पंप टेस्ट बेंचवर तपासून घ्या. आणि सील बदलायला देताना, वरचा नट सुटण्याआधी, शाफ्ट आणि लिव्हरवर मिळून एक बारीक खूण कोरून ठेवायला सांगा.

निळा धूर सोडत रेस आपोआप वाढतच गेली आणि किल्ली फिरवूनही इंजिन थांबत नसेल तर ते इंजिनातलंच ऑइल जाळतंय. ब्रेक पूर्ण दाबा, वरचा गिअर टाका, क्लच सोडून इंजिन बंद पाडा. हवेच्या पाइपवर हात ठेवू नका.