गांजा कायदेशीर करायचा, तर कसा? कॅनडातला वाद आणि आपला वर्ग



दहावीच्या वर्गात वादविवाद स्पर्धेसाठी विषय काढत होतो. मोबाईल, ऑनलाइन शिक्षण, प्लॅस्टिकबंदी हे नेहमीचे विषय फळ्यावर लिहून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, कॅनडात गांजा दुकानात मिळतो ना? मग तिथल्या सरकारला तो वाईट वाटत नाही का?" तिचा मावसभाऊ तिथे शिकायला गेलाय. वर्गात आधी हशा पिकला, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगतो, मला नीट उत्तर देता आलं नाही. "पुढच्या तासाला सांगतो" म्हणून वेळ मारून नेली.

स्टाफरूममध्ये सल्ला मिळाला, हा विषयच नको. पण आपण टाळलं तरी मुलं मोबाईलवर शोधणारच, आणि तिथे त्यांना काय सापडेल हे आपल्या हातात नाही. म्हणून वाचायला बसलो. जे समजलं ते तुमच्यापुढे मांडतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आपल्याकडे विषय निघाला की प्रश्न एकच असतो : परवानगी द्यावी की नको? कॅनडात मात्र सगळ्यात जास्त भांडण 'कशी द्यावी' यावर झालं. किती वयापासून, कोणी विकायचा, केवढ्याला विकायचा, घरी झाड लावू द्यायचं का, पाकिटावर काय छापायचं. मुलांच्या दृष्टीने खरा फरक याच बारीकसारीक गोष्टींनी पडतो, हे वाचता वाचता लक्षात आलं.

'गुन्हा नाही' आणि 'कायदेशीर' यात फरक आहे

हा फरक मुलांना आधी समजावून सांगा, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं होतं. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःच्या वापरापुरता अंमली पदार्थ बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. म्हणजे पकडलात तर तुरुंग नाही, पण तिथे दुकानही नाही. नेदरलँड्सची गंमत आणखी वेगळी. तिथल्या 'कॉफी शॉप'मध्ये गिऱ्हाइकाला थोडा गांजा विकला तर सरकार वर्षानुवर्षं कानाडोळा करत आलंय, पण दुकानदाराने तो माल आणायचा कुठून? पिकवणं आणि घाऊक विक्री बेकायदाच. पुढच्या दाराने विक्रीला मोकळीक आणि मागच्या दाराने येणारा माल चोरीचा! मुलांना हे उदाहरण लगेच कळतं.

कॅनडाने ठरवलं की शेतापासून दुकानापर्यंत सगळी साखळीच कायद्यात आणायची. त्याआधी २०१३ मध्ये उरुग्वेने असा कायदा केला होता. असं करणारा तो जगातला पहिला देश. कॅनडा दुसरा, आणि श्रीमंत देशांत पहिला.

कॅनडात गांजावर बंदी आली १९२३ मध्ये. जवळजवळ शंभर वर्षांची बंदी असूनही पोरं गांजा ओढतच होती. २०१३ मध्ये युनिसेफने श्रीमंत देशांमधल्या मुलांची तुलना केली, तेव्हा किशोरवयीन मुलांमध्ये गांजाचा वापर सगळ्यात जास्त कॅनडात आढळला. २०१५ च्या निवडणुकीत जस्टिन ट्रूडो यांच्या लिबरल पक्षाने हाच मुद्दा उचलला. त्यांचं म्हणणं साधारण असं : बंदीने मुलं वाचली नाहीत, पैसा मात्र गुन्हेगारांच्या खिशात गेला, तर मुलांच्या हाती लागू नये म्हणूनच आपण तो कायद्यात आणू. ऐकायला उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण कोपऱ्यावरचा चोरटा विक्रेता वयाचा दाखला मागत नाही, परवाना असलेला दुकानदार मागतो, असा त्यामागचा विचार.

वय : सगळ्यात मोठं भांडण

सरकारने अ‍ॅन मॅकलेलन यांच्या अध्यक्षतेखाली एक कार्यगट नेमला. त्याचा अहवाल डिसेंबर २०१६ मध्ये आला. त्यात शिफारस होती किमान वय १८ ठेवायची, आणि प्रांतांना ते वाढवायची मुभा द्यायची. डॉक्टरांची संघटना, म्हणजे कॅनेडियन मेडिकल असोसिएशन, हिचं मत वेगळं होतं. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून वय २१ ठेवा आणि २५ पर्यंत प्रमाणावर आणि तीव्रतेवर बंधन घाला, असं त्यांनी सांगितलं.

पालक म्हणून आपण डॉक्टरांच्याच बाजूने उभे राहणार. मीही राहिलो. पण दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद नीट ऐकण्यासारखा आहे. गांजा सगळ्यात जास्त वापरणारा वयोगट म्हणजे १८ ते २४ च्या आसपासची मुलं. त्यांनाच दुकानाबाहेर ठेवलं तर ती सोडून देतील का? बरीचशी जुन्याच विक्रेत्याकडे जातील. त्याच्या मालात किती तीव्रता आहे, बुरशी आहे का, आणखी काय मिसळलंय, हे कोणी तपासत नाही. शिवाय त्याच्याकडे याहून घातक मालही असतो. म्हणजे वय जितकं वर न्यावं तितकं चोरट्या बाजाराला हक्काचं गिऱ्हाईक मिळतं. आणि जितकं खाली आणावं तितकं 'सरकारच परवानगी देतंय, मग काय बिघडतं' असं मुलांना वाटतं. दोन्हीकडून नुकसान आहे, ते कुठलं पत्करायचं एवढंच ठरवायचं असतं.

शेवटी संघराज्याच्या कायद्यात १८ ठेवलं. बहुतेक प्रांतांनी १९ केलं, कारण तिथे दारूचंही तेच वय आहे. अल्बर्टाने १८ ठेवलं. क्वेबेकने आधी १८ ठेवलं, मग सरकार बदललं आणि १ जानेवारी २०२० पासून ते २१ झालं. माझा स्वतःचा कल क्वेबेककडे आहे. पण मी शिक्षक आहे, रोज पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसमोर उभा असतो, त्यामुळे माझं मत तसंच असणार हेही तुम्ही लक्षात घ्या.

संसदेत आणखी एक मुद्दा गाजला. १८ वर्षांखालच्या मुलाकडे ५ ग्रॅमपर्यंत गांजा सापडला तर संघराज्याच्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा ठरत नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने यावर टीकेची झोड उठवली : मुलांना वाचवायला निघालात आणि मुलांनाच सूट? सरकारचं उत्तर होतं की एका चुकीसाठी शाळकरी पोराच्या नावावर आयुष्यभराचा गुन्हा नको. माल जप्त करणं, दंड करणं हे प्रांतांवर सोडलं. दुसरीकडे, अल्पवयीन मुलाला विकणाऱ्या मोठ्या माणसाला १४ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली. ही विभागणी मला पटते.

विकणार कोण?

सिनेटमध्ये १९ जून २०१८ ला ५२ विरुद्ध २९ मतांनी विधेयक मंजूर झालं आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदा लागू झाला. मोठ्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅमपर्यंत वाळलेला गांजा बाळगता येतो, घरात चार झाडं लावता येतात. क्वेबेकने घरच्या झाडांना बंदी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये क्वेबेकची बंदी वैध ठरली.

दुकानांचं काम प्रांतांवर सोपवलं आणि तिथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी झाली. क्वेबेकमध्ये फक्त सरकारी दुकानं. अल्बर्टात खासगी. ऑन्टारियोत आधी सरकारी दुकानांचं ठरलं होतं, २०१८ च्या उन्हाळ्यात सत्ताबदल झाला आणि नव्या सरकारने खासगी दुकानांचा मार्ग धरला. परिणाम असा की कायदा लागू झाला त्या दिवशी देशातल्या सगळ्यात मोठ्या प्रांतात एकही दुकान नव्हतं, फक्त ऑनलाइन विक्री! दुकानं उघडली ती एप्रिल २०१९ मध्ये. तोवर चोरट्या विक्रेत्यांचा धंदा आरामात चालू होता.

सरकारी दुकान हवं असं म्हणणारे सांगतात, सरकारला विक्री वाढवायची घाई नसते. खासगीवाले म्हणतात, दुकानं कमी आणि दर जास्त असले तर माणूस जुन्याच रस्त्याने जाणार. करात तोच पेच. ग्रॅममागे एक डॉलर किंवा दहा टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढा उत्पादन कर ठेवला. चोरटा विक्रेता मात्र काहीच कर भरत नाही, हे उघड आहे.

उरुग्वेने याला वेगळंच उत्तर काढलं होतं. तिथे औषधाच्या दुकानात, आधी नाव नोंदवून, महिन्याला ४० ग्रॅमपर्यंतच, आणि तेही फक्त तिथल्या नागरिकांना व कायम रहिवाशांना. जाहिरात नाही, भपका नाही. तरी कायद्यापासून प्रत्यक्ष विक्रीला २०१७ उजाडलं, आणि मग अमेरिकी कायद्याच्या धास्तीने बँका त्या दुकानदारांची खाती बंद करायला निघाल्या. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून आणखी तिसरा मार्ग घेतला : दुकान नाहीच. घरी तीन झाडं किंवा सभासदांचा क्लब, आणि १८ ते २१ वयाच्या सभासदांना कमी तीव्रतेचा, कमी प्रमाणात. डॉक्टरांनी कॅनडात जे मागितलं होतं त्याच्या जवळ जाणारी ही तरतूद आहे.

गमी आणि चॉकलेट

हा भाग लहान मुलांच्या पालकांनी जरूर वाचावा. पहिल्या वर्षी कॅनडात खाण्याचे पदार्थ विकायला परवानगी नव्हती. ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. गमी, चॉकलेट, बिस्किटं. एका पाकिटात नशा आणणारा घटक (टीएचसी) १० मिलिग्रॅमहून जास्त नको, पाकीट साधं, मुलांना उघडता येणार नाही असं, वर इशारा आणि लाल रंगाचं चिन्ह. एवढी काळजी घेऊनही घरात ठेवलेली गमी लहान मुलांनी खाल्ल्याचे प्रकार वाढले, मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. क्वेबेकने मिठाई-चॉकलेटसारखे पदार्थ विकूच दिले नाहीत, आणि ऑन्टारियो, अल्बर्टासारख्या प्रांतांच्या तुलनेत तिथे ही वाढ कमी राहिली. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, एका नियमाच्या फरकाने हे घडलं.

व्यापाऱ्यांची मागणी आहे की १० मिलिग्रॅमची मर्यादा वाढवा, कारण चोरट्या बाजारात याच्या कितीतरी पट तीव्र माल मिळतो. २०२४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने कायद्याचा आढावा घेतला आणि मर्यादा तशीच ठेवा असं सांगितलं.

आणि जुन्या शिक्षांचं काय? जे कृत्य आता गुन्हा नाही त्यासाठी हजारो लोकांच्या नावावर नोंद होती. २०१९ मध्ये नुसतं बाळगल्याबद्दल शिक्षा झालेल्यांना विनाशुल्क माफीचा कायदा झाला. ती मागावी मात्र स्वतःच लागते, आपोआप होत नाही.

मुलं शिकायला तिकडे जाणार असतील तर

आता थोडं आपल्याबद्दल. कॅनडात शिकणारी मराठी मुलं पुष्कळ आहेत. त्यांना जाण्याआधी तीन गोष्टी सांगा. एक, प्रांत बदलला की वय बदलतं. दोन, गांजा घेऊन गाडी चालवणं तिथे दारू पिऊन चालवण्याइतकंच गंभीर आहे, आणि डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षं झाल्याने बाहेरून आलेल्यांचं तिथलं वास्तव्यच धोक्यात येऊ शकतं. तीन, गांजा देशाबाहेर नेणं तिथेही गुन्हा आहे. मित्रांसाठी बॅगेत टाकलेलं गमीचं एक पाकीट मुंबई विमानतळावर सापडलं तर आपला १९८५ चा एनडीपीएस कायदा लागू होतो. 'तिकडे दुकानातून बिल देऊन घेतलं' हे इथे चालत नाही.

"पण सर, होळीला भांग चालते की!" हेही कोणीतरी विचारणारच, तयारी ठेवा. एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग त्या कायद्याबाहेर राहते. तिच्यावर राज्यांचे आपापले नियम आहेत.

पुढच्या तासाला मी बाजूने आणि विरुद्ध असे दोन गट केलेच नाहीत. चार गट केले : वय, दुकान, किंमत, पाकीट. प्रत्येकाला सांगितलं की कायदा झालाय असं धरा, आता तुमचा नियम लिहा आणि त्याने कोणाचं नुकसान होईल तेही लिहा. वयाच्या गटाने पाच मिनिटांत २५ लिहून टाकलं. मग किंमतवाल्यांनी विचारलं, तेवीस वर्षांच्या माणसाने काय करायचं? "घ्यायचाच नाही." "आणि घेतलाच तर?" त्यावर इतका वेळ वाद झाला की पाकिटाच्या गटाची वहीच उघडली गेली नाही. त्यांचं सादरीकरण आता सोमवारी आहे.