बोस्टन सेल्टिक्स : 2007 मधील संघबदल

2006-07 च्या हंगामात 82 पैकी केवळ 24 सामने जिंकलेला बोस्टन सेल्टिक्स संघ ड्राफ्टच्या, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, सोडतीत पाचव्या क्रमांकावर ढकलला गेला, तेव्हा संघाच्या बास्केटबॉल विभागाचे प्रमुख डॅनी एंज यांनी ती निवड आणि दोन खेळाडू सिएटलला देऊन दूरफेकीत निष्णात असलेला रे ॲलन मिळवला. 31 जुलैला मिनेसोटाकडून केव्हिन गार्नेट आला. त्याच्या मोबदल्यात अवघ्या 22 वर्षांच्या अल जेफरसनसह पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीतील दोन निवडी द्याव्या लागल्या. वेतनमर्यादेच्या नियमांनुसार अशा अदलाबदलीत दोन्ही बाजूंचे पगार साधारण जुळावे लागतात, म्हणूनच अखेरच्या वर्षात असलेला थिओ रॅटलिफचा मोठा करार या व्यवहारात मोलाचा ठरला, कारण तो संपताच मिनेसोटाचा तेवढा वेतनभार हलका होणार होता. जेम्स पोझी आणि एडी हाउस यांची भरतीही तितकीच विचारपूर्वक झाली होती, कारण एवढ्या देवाणीनंतर राखीव फळी उघडी पडली होती. पुढच्या हंगामात पॉल पिअर्सच्या नेतृत्वाखालील या संघाने 66 सामने जिंकले आणि अंतिम मालिकेत लेकर्सला 4-2 असे हरवून विजेतेपद पटकावले.